माले: खिडकीतून भिंत, बाजारात आपला कांदा

खोलीचा पडदा सरकवला, खिडकीतून हात बाहेर काढला, तर शेजारच्या इमारतीचा गिलावा बोटांना लागला. बुकिंग करताना मालेतल्या, म्हणजे मालदीवच्या राजधानीतल्या, याच खोलीपुढे ‘सी व्ह्यू’ लिहिलेलं होतं. खाली काउंटरवर बसणाऱ्या पोराला वर बोलावलं. त्याने जराही न गडबडता मला खिडकीशी उभं केलं, मान उजवीकडे तिरकी करायला लावली आणि बोट दाखवलं. दोन इमारतींच्या फटीत सुपारीएवढं काहीतरी निळं होतं. “देखो भाई, सी.” आमची ही म्हणाली, “अहो, जाऊ द्या. फसवताना हसतोय तरी.”

गेस्टहाउसचं नाव लिहीत नाही, कारण त्या पोराशी पुढे माझी दोस्ती झाली. तो भाग शेवटी येईल.

मी पिंपळगाव बसवंतचा कांदा व्यापारी, राहायला नाशिकला पंचवटीत. दिवाळीत बाजार समित्यांचे लिलाव बंद असतात, वर्षातली आमची सुट्टी काय ती तेवढीच. 2025 ची भाऊबीज गुरुवारी होती. ती उरकली आणि शुक्रवारी पहाटेच्या अंधारात आम्ही दोघं निघालो. जूनपासून इगतपुरी ते आमणे समृद्धी सुरू झाल्यामुळे कसारा घाट लागतच नाही. पुढे भिवंडीत समृद्धी संपते, सगळ्याच अर्थांनी. पण विमान मिळालं. मुंबईहून मालेला तीन तास लागत नाहीत, आणि उतरल्यावर घड्याळ अर्धा तास मागे घ्यायचं.

मालदीवला जाणारे मालेला जात नाहीत. विमानतळ हुळुले नावाच्या वेगळ्या बेटावर आहे. तिथूनच स्पीडबोटी पाहुण्यांना उचलतात आणि रिसॉर्टवर नेऊन सोडतात. राजधानी दिसते ती बोटीतून, पाच मिनिटं, पाण्यावर काँक्रीटचा ढीग रचून ठेवल्यासारखी. आमच्या ओळखीतली चार जोडपी जाऊन आलीत, चौघांकडेही मालेचा एक फोटो नाही. मग मला तिथे दोन रात्री कशाला हव्या होत्या? तर कांद्यासाठी. हसू नका. 2023 च्या डिसेंबरात सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा आमच्याकडे काय झालं ते नाशिककरांना सांगायला नको. त्या बंदीच्या काळातही 2024-25 साठी मालदीवला ठरावीक कोटा मंजूर झाला: कांदा 35,749 टन. शिवाय बटाटे, अंडी, तांदूळ, कणीक, साखर, डाळ, इतकंच काय, नदीची वाळू दहा लाख टन. कोटा म्हणजे कमाल मर्यादा, तेवढा माल गेलाच असं नाही, हे मला कळतं. पण आम्ही खळ्यावर हात बांधून बसलेलो असताना ज्या गावाला कांदा सोडला, ते गाव एकदा बघायचं हे मनात बसलं होतं. वाळूचा आकडा आठवला आणि खिडकीतल्या त्या गिलाव्याकडेही जरा आपुलकीने बघितलं.

2024 च्या जानेवारीत लक्षद्वीपवरून मालदीववर बहिष्कार घालायचा जो गदारोळ झाला, तो घरच्या ग्रुपवर अजून संपलेला नाही. “तिकडे कशाला?” असं दोघांनी विचारलं. मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे, भेटून येतो.

निघण्याआधीच्या दोन-तीन गोष्टी. व्हिसा विमानतळावर मिळतो, पैसे पडत नाहीत. मात्र प्रवासाच्या आधी 96 तासांत ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. मेव्हण्याने भेट द्यायला म्हणून नाशिकच्या वाइनची बाटली आणून ठेवली होती. ती घरीच राहिली. दारू देशात नेताच येत नाही, ती रिसॉर्टवर मिळते, मालेत अजिबात नाही. आणि जे आपल्या माणसांच्या ध्यानात येत नाही ते हे, की पूजेच्या मूर्तीही आत नेता येत नाहीत. हिच्या पर्समध्ये चांदीचा बाळकृष्ण कायम असतो. तो सुनेच्या हवाली केला, त्याला दोन वेळा नैवेद्य दाखवायच्या सूचना दिल्या, आणि तरी चार दिवस तिचा हात पर्सच्या त्या कप्प्यात जात होता.

उतरलो ते नेमके शुक्रवारी दुपारी. तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. जुम्म्याच्या नमाजाच्या वेळेला शहर झोपी जातं: दुकानांची शटर खाली, फेरीबोटी उभ्या. आम्ही दोघं धक्क्यावर बॅगांवर बसून चिवडा खात होतो. माझी चूक. शुक्रवारी जायचंच असेल तर सकाळी लवकर पोचा, नाहीतर संध्याकाळी. तसा विमानतळावरून मालेला 2018 साली झालेला पूल आहे, टॅक्सी येते, बस येते. पण फेरीनेच जा. दहा मिनिटांत अंगावर चालून येणारं शहर आणि आजूबाजूला खरे प्रवासी: भाजीच्या पिशव्या, शाळेची पोरं, मांडीवर टीव्हीचा खोका घेतलेला एक बाप्या.

शहर आहे केवढं? मूळ बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटर. मजीदी मागू नावाचा मुख्य रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी अर्ध्या तासाच्या आत संपतो. देशाची वस्ती पाच लाखांवर, त्यातली दोन लाखांवर माणसं माले शहरात, म्हणजे हे बेट आणि त्याला जोडलेली हुळुमाले, विलिमाले वगैरे धरून. त्यामुळे घरं आडवी पसरत नाहीत, उभी वाढतात. रस्त्यांवर स्कूटरच स्कूटर. नाशिकच्या मेन रोडला दिवाळीच्या आदल्या रविवारी जशी गाडी लावायला जागा नसते तशी इथे बाराही महिने नसते. फुटपाथ इतका अरुंद की आम्ही नवरा-बायको पूर्ण वेळ एकामागे एक चाललो, लग्नात सप्तपदीला चाललो होतो तसे. वर पाऊस. ऑक्टोबरात तिकडे पाऊस पडतो हे मला माहीत होतं, रस्त्याच्या फरसबंदीवर घोट्याएवढं पाणी साचतं हे माहीत नव्हतं. कोरडं हवामान हवं असेल तर डिसेंबर ते एप्रिलमध्ये जा.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर. गोदाकाठच्या माणसाला पूर कळतो. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आम्ही दुकानं आवरतो, गळ्याला लागलं की देवाचं नाव घेतो. इथे अख्ख्या देशाची जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटरच्या आसपास. मालेच्या कडेने तीन पायांवर उभे राहून चौथा पाय वर केल्यासारखे काँक्रीटचे ठोकळे रचलेत, टेट्रापॉड. 1987 साली लाटांनी शहरात पाणी घुसवलं, त्यानंतर जपानच्या मदतीने हा बांध घातला गेला. 2004 च्या त्सुनामीत याच बांधाने मालेला पुष्कळ वाचवलं. त्या आपत्तीचं एक स्मारकही किनाऱ्यावर आहे. मी एका ठोकळ्यावर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. हिला वाटलं फोटो काढायचाय.

आणि पिण्याचं पाणी? नदी नाही, धरण नाही. नळाला येतं ते समुद्राचं खारं पाणी यंत्राने गोडं केलेलं. 2014 च्या डिसेंबरात त्या कारखान्यात आग लागली आणि शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोचवलं होतं. गंगापूर धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला त्या पाण्याची चव सपक लागते. चहा मात्र बरा होतो.

आता बाजार. शनिवारी सकाळी सातला आम्ही उत्तरेच्या धक्क्यावर. समोर पाण्यात धोणी एकीला एक चिकटून उभ्या. धोणी म्हणजे त्यांची लाकडी होडी. ऐकून आधी क्रिकेटपटू आठवतो, मग गुरांना पाणी पाजायची आपली डोण. रस्त्याच्या अलीकडे स्थानिक बाजाराची शेड. बुधवारी नाशिकला गोदेच्या गंगाघाटावर बाजार भरतो तसा इथला गलका नाही, माणसं हळू बोलतात. केळीचे लोंगर छताला टांगलेले, खाली शहाळी, नागवेलीची पानं, पपया, घोसाळ्यासारखं काहीतरी, आणि काळी पडेपर्यंत वाळवलेले माशाचे लाकडासारखे तुकडे. तिथल्या मिरच्या बुटक्या, फुगीर, वास घेतला तरी डोळ्यांत पाणी. हे सगळं वेगवेगळ्या बेटांवरून आलेलं.

कांदा या शेडच्या मागच्या गल्ल्यांत, घाऊक दुकानांत. लाल जाळीची गोणी शंभर पावलांवरून ओळखू आली. दुकानदाराने एक गोणी उघडून दिली आणि मी सवयीने खाली बसून निवड करायला लागलो. उन्हाळ कांदा, साठवणीच्या चाळीतला, पत्ती म्हणजे वरची साल चांगली डबल. पण दहातल्या दोघांना कोंब आलेले आणि तळच्या तीन-चारांवर काजळी. दोष ना त्याचा ना आपला. एप्रिलात काढलेला कांदा ऑक्टोबरात, तोही समुद्राच्या दमट हवेत, अजून काय करणार? मधोमध एक जोड कांदा निघाला. प्रतवारीत हा सुटला कसा, म्हणून मला उगाच ओशाळल्यासारखं झालं, जणू आमच्याच खळ्यातून गेला होता. गोणीवर गावाचं नाव नव्हतं, फक्त देशाचं होतं. भावही विचारला. तो इथे लिहीत नाही, आमच्याकडचे शेतकरी हे वाचतात.

त्यांच्या भाषेत कांद्याला ‘फिया’ म्हणतात. पियाज, प्याज, फिया. दुकानदाराला हिंदी येत होती, तिकडे बहुतेकांना समजते, सिनेमांची कृपा. त्याने मला वार म्हणून दाखवले आणि मी उडालोच: सोमवार म्हणजे होमा, मंगळवार अंगारा, बुधवार बुधा, गुरुवार बुरास्फती, शुक्रवार हुकुरू. ‘स’चा ‘ह’ आणि ‘प’चा ‘फ’ केला की अर्धी दिवेही भाषा ओळखीची वाटायला लागते. एकेह, देह, तिनेह. रस्ता म्हणजे मागू, आपला मार्गच. हिने लगेच विचारलं, अंगारा म्हणतात तर अंगारकी करतात का? त्याला काही कळलं नाही, आणि मीही समजावायच्या भानगडीत पडलो नाही. लिपी मात्र उजवीकडून डावीकडे, ताना नावाची. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून घेतलेली आहेत. आकड्यांतून अक्षरं काढणारे लोक व्यापारीच असणार, असं माझं मत झालं.

मग धक्क्यावर परत. बांगलादेशी हमाल पाठीवर कांदा, तांदूळ, अंड्यांचे ट्रे घेऊन फळीवरून धोणीत उतरवत होते. या धोणी लांबच्या बेटांवर जाणार, काही रात्रभराच्या प्रवासाला. हमालांची चाल तीच, आमच्या हमालांची: गुडघे किंचित वाकलेले, नजर जमिनीवर. एकाने गोणी जरा आपटून टाकली तर माझ्या तोंडून “अरे हळू!” निघालंच. तो मराठी कुठून समजणार, पण पुढची त्याने हळू ठेवली.

मासळी बाजार शेजारीच आहे, पण तो दुपारी चारनंतर बघायचा, होड्या परत येतात तेव्हा. फरशीवर कुपा मासे ओळीने, माणसाच्या मांडीएवढे. पाटावर बसलेला माणूस मोजून काही सेकंदांत एकाचे चार तुकडे करतो, काटा अख्खा बाजूला. ही नाकाला पदर लावून बाहेर उभी राहिली. ती माळकरी आहे.

तेव्हा शाकाहारी मंडळींसाठी हा परिच्छेद नीट वाचा. मालेत संध्याकाळच्या चहाला ‘हेदिका’ खातात, म्हणजे तळलेले फराळाचे प्रकार. काचेच्या कपाटात मांडलेले असतात. समोशासारखा दिसतो तो बजिया, बटाटावड्यासारखा गोल दिसतो तो गुळा. दोन्हींत मासा असू शकतो, गुळ्यात तर असतोच. हिने विचारल्याशिवाय गुळा तोंडात घातला. पुढचं लिहीत नाही. नंतर दोन दिवस तिने रोशी म्हणजे त्यांची पातळ चपाती साखरेशी, केळी, एका भारतीय हॉटेलात डाळभात आणि घरच्या दशम्या यांवर काढले. सागू बोंडीबाई नावाची नारळाच्या दुधातली साबुदाण्याची खीर मिळाली, ती तिने दोन वाट्या खाल्ली. ‘मस’ हा शब्द ऐकला की थांबा, मस म्हणजे मासा.

मी मात्र सकाळी मस हुनी खाल्लं आणि त्यासाठी मालेला गुण जास्त देतो. कांदा बारीक चिरून मिरची, लिंबू, मिठाबरोबर हाताने चुरायचा, मग ओलं खोबरं आणि मासा घालून कालवायचं, गरम रोशीबरोबर. कांदा चुरल्याने त्याचा उग्रपणा जातो आणि गोडी राहते. आपण भेळेवर कांदा भुरभुरतो, हे लोक आधी कांद्याची मशागत करतात. लहानशी चहाची टपरी, स्टीलचे टेबल, सगळे पुरुष, बाई एकटी आमची. कुणी वळूनही बघितलं नाही.

बघायची ठिकाणं अर्ध्या दिवसात होतात. त्यात चुकवू नये अशी एकच, जुनी शुक्रवारची मशीद, हुकुरू मिस्की. 1658 मध्ये पूर्ण झालेली, सगळी पोवळ्याच्या दगडाची, आणि दगडावर कोरीव काम इतकं बारीक की लाकूड वाटावं. आत जायला बिगरमुस्लिमांना परवानगी लागते, आम्ही बाहेरूनच पाहिली. अंगणातल्या कबरींचे दगड बघत बसलो: टोकदार माथ्याचे पुरुषांचे, गोल माथ्याचे बायकांचे. संग्रहालयाला मी गेलो नाही, पाय दुखत होते. समोरच्या चौकात बसलो तेव्हा त्या काउंटरवरच्या पोराने एक गोष्ट सांगितली, म्हणजे अर्धी त्याने सांगितली, अर्धी मला माहीत होती. 3 नोव्हेंबर 1988 ला भाडोत्री सैनिकांनी या शहरावर हल्ला केला, भारताने त्याच रात्री आग्र्याहून छत्रीधारी सैनिक पाठवले, आणि ओलीस धरून मालवाहू जहाजातून पळालेल्यांना भर समुद्रात गाठलं ते आपल्या नौदलाने. त्यातल्या एका युद्धनौकेचं नाव आयएनएस गोदावरी. आमच्या घरापासून गोदावरी पायी दहा मिनिटांवर आहे, हे मी त्याला तीनदा सांगितलं.

समुद्रात उतरायचं तर पश्चिमेला रसफन्नू नावाची कृत्रिम पुळण आहे. बिकिनी चालत नाही, बायका अंगभर कपड्यांत डुंबतात. ही तर जास्तच खूश झाली, पंजाबी ड्रेसमध्ये छातीएवढ्या पाण्यात तासभर. रिसॉर्टवर तिला हे जमलं नसतं. बाजूला जोली टांगलेल्या असतात, म्हणजे दोरीच्या जाळीची खुर्ची, आपल्या बाजेचा धाकटा भाऊ. त्यात मी झोपलो.

आता हिशेब, कारण पुनरावलोकन म्हटलं की तो आलाच. खोलीच्या भाड्यावर 17 टक्के पर्यटन कर, बहुतेक ठिकाणी 10 टक्के सेवा आकार, आणि लहान गेस्टहाउसला माणशी रोज सहा डॉलर हरित कर. ऑनलाइन दिसणाऱ्या भाड्यात हे धरलंय का ते आधी विचारा. मी विचारलं नाही, आणि व्यापारी असून विचारलं नाही हे मुलाने ऐकवलं. एक रुफिया, म्हणजे त्यांचं चलन, तेव्हा पावणेसहा रुपयांच्या आसपास पडला. डॉलर सगळीकडे चालतात, पण सुटे परत रुफियात मिळतात. खोली स्वच्छ, एसी उत्तम, बाथरूम एवढं की आत वळायचं तर आधी बाहेर यायचं. खोलीला पाचपैकी अडीच, ते अडीचही पोराच्या हसण्याचे.

मालेला चार. दोन रात्री जास्त होतात, एक पुरे. पण ती एक ठेवाच. आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ बाजारासाठी राखा. पुढचे दोन दिवस आम्ही एका लहान बेटावर होतो. तिथे समुद्र होता, छान होता, त्याचे फोटो आहेत.

आणि त्या पोराचं. पहिल्या संध्याकाळी चहा मागायला खाली स्वयंपाकघरात डोकावलो, तर कांदे झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत कोंबलेले, वर ओलं फडकं. मला राहवलं नाही. बादली उलटी करून सगळे फरशीवर पसरले, कोंबाचे वेगळे, काजळीचे वेगळे, आधी हे खा, नंतर ते, आणि बाबा रे, कांद्याला वारा लागतो, झाकण नाही. स्वयंपाकी बांगलादेशी, तो आणि हा पोरगा दोघंही माझ्याकडे पाहुणा वेडा झाला अशा नजरेने बघत होते. ही जिन्यात उभी राहून म्हणाली, “सुट्टीवर आलाय ना आपण?”

रविवारी सकाळी निघताना बॅगा खाली आणल्या. काउंटरमागे टेबलफॅन चालू होता, आणि त्याच्यासमोर बाजारातल्या केळ्यांच्या उघड्या टोपलीत कांदे एका थरात मांडून ठेवले होते.